झिरो पाहून घ्या

तुमाले वाटन, डिझेलच्या गाडीत पेट्रोल टाकणारा माणूस एक तर झोपेत असन, नाई तर रातची उतरली नसन, नाई तर मोबाईलात मुंडकं घालून असन. तिन्ही नाई. मी चांगली आंघोळ करून, कपाळाले गंध लावून, पुऱ्या होशात होतो. वरून आणखी सांगतो, पेट्रोल टाकायच्या आंधी मी सगळ्याईले मशीनवरचा झिरो दाखवला होता.

आता तुमी वाट पाहत असान का पुढं गाडी पेटली असन, भडका उडाला असन, मी काच फोडून बाहेर उडी मारली असन. काईच पेटलं नाई. गाडी खोकलली अन् बसली, चढावर दम लागेल म्हाताऱ्यावानी. उडी तर सोडाच, मले साधं दार उघडून उतरताबी आलं नाई.

मी नकला करतो. शाळेपासून. आमच्या गावात, अनसिंगात, असा माणूस शोधून सापडणार नाई का ज्याची मी नक्कल केली नाई. वरातीत, गणपतीत, पानटपरीवर लोक म्हणतात, "कर न बे त्याची," अन् मी करतो. मामाची नक्कल तर लय गाजलेली, मामाच्या घरीच लहानाचा मोठा झालो न. त्यातल्या त्यात मामा मले रागावते ती नक्कल. तिच्यात 'आमी तुह्या वयात' इथून सुरुवात होते, मंधात बैल येतात, अन् शेवटी मामा चप्पल शोधत असते अन् चप्पल त्याच्याच पायात असते. मामी हसून हसून पोट धरते. मामा म्हणते, "हसा, हसा."

मामाची जीप आहे. डिझेलची, भाड्यानं चालते. तिचं डायव्हरकडलं दार आतून उघडत नाई. कडी तुटली त्याले चार वर्षं झाले. काच पण चार बोटं खाली येते अन् तिथंच अडते. डायव्हरले उतरायचं असन तर बाहेरून कोणीतरी दार उघडा लागते, नाई तर बाजूच्याच्या मांडीवरून पलीकडच्या दारानं जा लागते. मामाले त्याचं काईच वाटत नाई. मामा म्हणते, "डायव्हरचं काम बसायचं हाय. उतरायची घाई पाशिंजराले रायते."

तवा मामा कडब्याच्या गंजीवरून पडला होता. उजवा हात प्लास्टरात. अन् दुसऱ्या दिवशी ताईची परीक्षा.

ताई म्हंजे मामाची पोरगी, माह्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तीन वर्षांपासून भरतीचा अभ्यास करून राह्यली होती. सकाळी चारले तिच्या खोलीतला लाइट लागे. लग्नाचं कोणी काढलं का म्हणे, "परीक्षा होऊ द्या." एकदा दोन मार्कानं गेली, एकदा तर जागाच कमी निघाल्या. अन् ही परीक्षा शेवटची. वयाची अट असते न, तिच्यात ती या खेपेपुरतीच बसत होती. पुढच्या खेपेले कोणी तिचा फॉर्मबी घेतला नसता. सेंटर वाशिमच्या एका कॉलेजात, साडेआठले गेट बंद. हॉल तिकिटावर ते ठळक अक्षरात छापेल होतं, तरीबी तिनं त्याच्याभवती लाल पेनानं गोल केला होता. दोनदा.

मामानं चाबी देताना मले समोर उभं केलं. "ताईले गेटावर सोडायचं. मंधात कोनाले बसवायचं नाई. अन् रस्त्यानं नकला करायच्या नाई. बाबू, तुह्यात अन् गाडीत एकच फरक हाय. गाडीले ब्रेक हाय."

सकाळी पावणेसातले निघालो. थंडी होती. स्टँडाजवळ गुर्जी उभे. हे आमाले हायस्कूलात विज्ञान शिकवायचे, आता रिटायर. दाताच्या डॉक्टरकडे चालले होते, डावा गाल पेरूएवढा सुजेल. त्याईच्या बाजूले मेथीच्या जुड्याईची गोणी घेऊन एक मावशी, वाशिमच्या बाजारात भाजी विकणारी. दोघाईनं हात दाखवला. आता आमच्या रोडवर हात दाखवला अन् जागा असून गाडी थांबली नाई, तर लोक समजतात याच्या घरी कोणीतरी गेलं. मी थांबलो.

ताई मधल्या सीटवर, मांडीवर प्लास्टिकची फाईल. फोन घरीच, सेंटरात चालत नाई म्हणून. "बाबानं काय सांगतलं होतं?"

"ताई, रस्त्यातच तर हायेत. काय खांद्यावर नेऊन राह्यलो?"

गुर्जी माह्या बाजूले समोर बसले, मावशी गोणीसगट मांघं. अन् मंग मले याद आली का डिझेल संध्याकाळीच टाकायचं होतं, ते राह्यलं.

पंप गावाबाहेर आहे. तिथं तेल टाकणारा एक बाबा आहे. उंच, वाळका, गळ्यात टॉवेल, डोक्यावर टोपी. त्याची पद्धत अशी का समोर लग्नाची बस असो का दोन लिटरचं डबडं असो, बाबा पयले दोनदा खोकलणार, टॉवेलानं मशीनची काच पुसणार, अन् हात लांब करून म्हणणार, "झिरो पाहून घ्या. मंग म्हनू नका." बाबाची नक्कल मी लय ठिकाणी केली. बाबाले माहीत आहे. उलट कोणी नवीन माणूस पंपावर आला का तोच सांगते, माही नक्कल करणारं एक पोट्टं आहे म्हणून.

आमी पोचलो तवा बाबा एका मोटरसायकलीत तेल टाकून राह्यला होता. मोटरसायकल गेली, नळी बाबाच्या हातातच. मले पायलं तसं त्याचं सगळं तोंड हसलं. एका हातात नळी, दुसऱ्या हातानं त्यानं माहं दार उघडलं.

"आला का? कर न लेका माही."

"बाबा, मामानं सांगतलं, रस्त्यानं नकला करायच्या नाई."

"मंग हा काय रस्ता हाय? हा पंप हाय."

हे बोलणं मले कायद्यानं एकदम बरोबर वाटलं.

बाबानं आपली टोपी माह्या डोक्यावर ठेवली, टॉवेल माह्या गळ्यात टाकला, नळी माह्या हातात दिली, अन् आपण पलीकडं गुर्जीच्या खिडकीपाशी जाऊन पाशिंजरावानी उभा राह्यला. मी टाकीचं झाकण काढलं. कंबरेत वाकलो. दोनदा खोकललो. काच पुसली. मांघून मावशी फिसकन हसली. "अवं माय! हुबेहूब!" मी हात लांब केला.

"झिरो पाहून घ्या. मंग म्हनू नका."

सगळ्याईनं पायला. बाबानं पायला, गुर्जीनं गाल धरून पायला, मावशीनं खिडकीतून मान काढून पायला. मीबी पायला. झिरो एकदम झिरो होता. झिरोच्या वरती मशीनवर काय लिहेल आहे ते कोणीच पायलं नाई, काहून का ते नकलेत नव्हतं.

ताई तेवढी घड्याळ पाहत होती. "झालं का तुहं?"

दहा लिटर टाकलं. बाबाच्या चालीनं जाऊन नळी टांगली. बाबानं टाळ्या वाजवल्या, टोपी-टॉवेल घेतला, मले आत बसवलं अन् बाहेरून दार लावलं. ते दार त्याच्यानंतर उघडलं का नाई ते पुढं सांगतो.

सहा-सात किलोमीटर गाडी मस्त चालली. नळ्याईत जुनं डिझेल होतं न. मंग तिचा आवाज बदलला. मी आवाजाचा माणूस, मले तो लगेच समजला. मामाच्या जीपचा आवाज पोटातून येते, जाड, आळशी. तो एकाएकी पत्र्याच्या डब्यात गोटे हलवल्यावानी झाला. टक-टक-टक-टक. मांघं पांढरा धूर. मी एक्सिलेटर दाबला, तर गाडी आणखी हळू. दोन हिसके, एक खोकला, अन् तुरीच्या वावराच्या बाजूले गाडी चूप.

मी सेल्फ मारला. कुंईं-कुंईं-कुंईं. काई नाई.

तवाच नाकाले वास आला. माह्याच हाताचा. तुमी कधी डिझेल हाताळलं असन तर तुमाले माहीत असन, ते हाताले चिकटते, तेलकट, साबणानंबी जात नाई. माहा हात कोरडा ठाक होता. अन् वास मोटरसायकलच्या टाकीचा. माह्या डोळ्यासमोर बाबा आला, मोटरसायकल आली, बाबाच्या हातातली नळी आली.

म्हंजे पयल्या मिनिटाले मले समजलं होतं. हे मी इथं लिहून ठेवतो, पुढं कामी येते.

"काय झालं?" ताईनं इचारलं. सव्वासात वाजले होते.

मी तोंड उघडलं, पण माह्या आंधी गुर्जीच बोलले. "हवा धरली असन, गड्या. डिझेलच्या लायनीत हवा शिरली का इंजिन बंद पडते. हातपंप मारा लागते."

"हो गुर्जी. हवाच."

शाळेत मी गुर्जीचं एकबी उत्तर एवढ्या लवकर मान्य केलं नव्हतं. त्याईले तिथंच संशय याले पायजे होता. पण ते खुश झाले. उतरले, बोनेट उघडलं, अन् एका हातानं गाल धरून दुसऱ्या हातानं डिझेल वर ओढायचा तो छोटा हातपंप दाबाले लागले. "मार सेल्फ!" मी सेल्फ मारला. कुंईं-कुंईं. "थांब! ... मार!" कुंईं. म्हंजे गुर्जी माह्याच हातचं पेट्रोल आणखी आत पाठवून राह्यले होते, अन् मी त्याईले शाबासकी देऊन राह्यलो होतो. "येऊन राह्यलं गुर्जी, जमून राह्यलं."

मी उतरलो नाई. दार उघडा म्हणून कोणाले म्हटलंच नाई. आत बरं वाटत होतं. आत असलं का वाटे, अजून काई झालं नाई.

एक दूधवाला आला, मोटरसायकलले दोन्हीकडं कॅनी. थांबला. "वाशिमले याचं काय कोनाले? एक मानूस बसते मांघं."

ताईनं एक पाय खाली टाकलाबी होता.

"पाच मिनिटं, ताई," मी म्हटलं. "फक्त पाच मिनिटं. हवाच तर हाय. कॅनीवर बसून जाशीन तर पेपरभर दुधाचा वास येईन."

ती थोडी हसली. पाय आत घेतला. दूधवाला गेला. त्याच्या गाडीचा आवाज लांब जाऊन पार पुसला जाईपर्यंत मी ऐकत राह्यलो.

मंग एसटी आली. भरेल, दारात माणसं. ताई उतरून रस्त्याच्या कडंले गेली. मी चार बोटाच्या फटीतून ओरडलो, "ताई, ते प्रत्येक फाट्यावर थांबते! आपण तिले रस्त्यातच मांघं टाकू! पाच मिनिटं!" ताईनं एकदा बसकडं पायलं, एकदा माह्याकडं. हात वर केला नाई. बस गेली.

तुमी म्हणान, सांगून टाकायचं होतं न बे. मलेबी तसंच वाटे. दर दोन मिनिटाले वाटे. पण पयल्या मिनिटाले सांगतलं असतं तर ती चूक होती. पाचव्या मिनिटाले सांगतलं असतं तर लोक म्हणले असते, मंग दूधवाल्याले काहून जाऊ दिलं? दहाव्या मिनिटाले, मंग बस काहून जाऊ दिली? जेवढा वेळ जाये तेवढं सांगणं जड होत जाये. अन् मी मनात देवाले म्हणत होतो, एकदा चालू होऊ दे, एकदा, मंग वाटलं तर वाशिमात जाऊन बंद पाड.

तेवढ्यात माहा फोन वाजला. मामा.

"कुठी आहा?"

आता इथं मामाले एवढंच सांगायचं होतं, गाडी बंद पडली. बाजूच्या घरी मोटरसायकल आहे. दहा-पंधरा मिनिटात कोणीतरी आलं असतं, ताई बसली असती, आठच्या आत वाशिमात. मले हे तवाबी माहीत होतं.

"आलो न मामा. वाशिमात शिरून राह्यलो."

"एवढ्या लवकर? मंग गाड्याईचा आवाज काहून नाई येऊन राह्यला?"

अन् मी, हात तोंडासमोर धरून, ट्रकचा हॉर्न काढला. मंग ऑटोचा. मंग लांबून, नाकातून, "केळीऽऽ घ्या केळीऽऽ!"

"बरं बरं," मामा म्हणे. "सावकाश. गेटावर सोड अन् फोन लाव."

फोन ठेवला. जीपात मेथीच्या गोणीतून पाणी टपकलं ते ऐकू आलं. बोनेटाच्या मांघून गुर्जी माह्याकडं पाहत होते, पंपावरचा हात तसाच. आरशात ताईचे डोळे होते.

"तू बाबाले खोटं काहून सांगतलं?"

"चिंता करतीन न ते. चालूच होऊन राह्यली. पाच मिनिटं."

तिनं आरशातून नजर काढली अन् फाईलवर ठेवली. एकच दार होतं जे उघडं होतं, ते मी सोताच्या हातानं लावलं, वरून केळीवाल्याचा आवाज काढून. आता मामाले परत फोन लावाचा तर काय सांगावं? केळी संपली?

साडेसात झाले. पावणेआठ झाले. रस्ता पार मोकळा. एक बैलबंडी गेली, एक शेळ्यावाला गेला. ताईच्या घड्याळाची टिकटिक मले समोर बसून ऐकू येत होती. खरंच येत होती का आपली वाटत होती, माहीत नाई. घाम फुटला, बाहेर थंडी असून. काच खाली कराची म्हटलं तर चार बोटं. मी पाय हलवून पायले, स्टेअरिंग पुसलं, मंग वातावरण हलकं कराले म्हणून गुर्जीचीच नक्कल केली, त्याईच्या समोर, "आठवीले शिकवलं होतं मी तुमाले!" असं गाल फुगवून. पंपावर हसणारी मावशी हसली नाई. कोणीच हसलं नाई. जल्मात पयल्यांदा माही नक्कल तशीच पडून राह्यली.

मावशी खाली उतरली. माह्या खिडकीपाशी आली. चार बोटाच्या फटीपाशी तोंड आणून म्हणे, "हात दाखव."

"काय मावशी, भविष्य पाहता काय?"

"हात दाखव म्हनते न."

मी फटीतून बोटं बाहेर काढली. तिनं ती धरली अन् वास घेतला. तिचा नवरा वीस वर्षं ट्रॅक्टर चालवत होता, हे मले मंग समजलं. तिनं बोटं सोडली नाई. तशीच धरून मांघं वळली.

"पोरी, खाली उतर. हे गाडी चालू होत नसते. या बह्याडानं डिझेलच्या गाडीत पेट्रोल पाजलं."

गुर्जीनं पंपावरचा हात असा काढला जसा तो इस्तवाले लागला.

ताई उतरली. खिडकीपाशी आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "कवापासून माहीत हाय तुले?"

खोटं बोलायले तोंड उघडलं, पण सगळे आवाज संपले होते. "बंद पडली तवापासून."

तिनं घड्याळ पायलं. आठले पाच कमी. तिचे ओठ हलले, ती मनात किलोमीटर मोजत होती. मंग ती रस्त्याच्या कडंले जाऊन उभी राह्यली. फाईल छातीशी. मावशी कडंले नाई, थेट मंधात उभी राह्यली, दोन्ही हातात मेथीची एक एक जुडी.

एक मोटरसायकल आली, डबलसीट. मावशीनं जुड्या आडव्या केल्या. थांबा लागलंच.

मांघं बसेल पोरगा पांढरा कडक इस्तरीचा शर्ट घालून. मावशी त्याले म्हणे, "तू उतर."

"काऊन वो?"

"हिची परीक्षा हाय. साडेआठले गेट बंद होते."

"मावशी, मी पोरगी पाहाले चाललो. मीच तर नवरदेव हाय!"

"मंग पोरगी काय पळून चालली? हिचं गेट पळून चाललं. उतर, बाबू."

तो बिचारा उतरला. खरंच उतरला. ताई बसली. चालवणारा म्हणे, "ताई, घट्ट धरा." अन् गेले. तिनं मांघं वळून पायलं नाई.

आता आमी चौघं. नवरदेव येऊन जीपात बसला, माह्या ठीक मांघं. इस्तरी मोडू नये म्हणून पाठ न टेकवता, ताठ. त्याले गुर्जीनं सगळं सांगतलं. त्याचा श्वास मले मानेवर लागत होता.

साडेआठ वाजले. तिकडं गेट बंद झालं असन. ताई आत का बाहेर, कोणाले माहीत नाई. तिचा फोन घरी. मी माहा फोन घेतला अन् मामाले लावला.

"सोडली का?"

"मामा, मी वाशिमात नाई." अन् सगळं सांगतलं. पंपापासून.

"ते केळीवालं?" मामानं इचारलं.

"मीच होतो."

फोन कट.

सव्वानऊले मोटरसायकलवाला नवरदेवाले न्याले परत आला. मी फटीतून इचारलं, "आत गेली का?" तो म्हणे, "गेटापाशी लय गर्दी होती, भाऊ. उतरली अन् पळाली. मले परत याची घाई. मी पायलं नाई." नवरदेव जाता जाता म्हणे, "माहं काई बिनसलं तर तुह्या घरी येतो." त्याच्यानंतर एक काळीपिवळी आली, तिच्यात गुर्जी अन् मावशी बसले. मेथीनं माना टाकल्या होत्या. गुर्जी मले म्हणे, "गड्या, हवा म्हटली तवा तू नाई काहून म्हटलं नाई?" मी स्टेअरिंगकडं पाहत राह्यलो, ते त्याईले दिसलं, अन् ते गेले. माहं दार कोणी उघडलं नाई. मीबी म्हटलं नाई.

दहाले मामानं पाठवेल ट्रॅक्टर आला. दोर बांधला, मी स्टेअरिंग धरून बसलो, अन् ज्या रस्त्यानं आलो त्याच रस्त्यानं आमची वरात माघारी निघाली. पंपासमोरून गेलो. बाबा बाहेर आला, दोर पायला, धुराची नळी पायली, मशीनकडं पायलं, मंग टोपी काढून डोक्यावर हात ठेवला.

घरी अंगणात जीप लावली. मामा आला, प्लास्टरातला हात गळ्यात. दारापाशी उभा राह्यला. आता उघडन म्हणून मी एक पाय तयार ठेवला. मामानं फटीतून पायलं अन् एवढंच म्हणे, "बस. पोरगी येईतपर्यंत."

पलीकडच्या दारानं उतरता आलं असतं. ते तर उघडंच होतं. पण 'बस' म्हटल्यावर मी बसलो. साडेदहा ते तीन. गल्लीतले पोट्टे येऊन काचेले नाक लावून पाहून जात. मामीनं चहा आणला, कप फटीतून आत येईना. ती दाराच्या कडीले हात लावाले गेली, तर मामा वसरीवरून म्हणे, "राहू दे." मामा वसरीवर खाटेवर बसून रस्त्याकडं पाहत होता. त्यानंबी चहा घेतला नाई. प्रत्येक गाडीच्या आवाजाले आमी दोघंबी मान वर करो. तेवढं एक आमचं जमत होतं.

तीनले ताई आली. बसनं. धुळीनं केस पांढरे.

"बसली का पेपरले?" मामा उठून उभा राह्यला.

"बसली."

मामा परत खाटेवर बसला.

"गेटाले साखळी लावून राह्यले होते," ताई सांगत होती. "मी फटीत फाईल घातली. म्हटलं, आता लावा. त्यानं फाईल पायली, मले पायलं, म्हणे जा. आत जाऊन बसली. पयले दहा प्रश्न मले दिसलेच नाई, बाबा. नुसते अक्षरं हालत होते. मंग जमलं. किती जमलं, आता निकालच सांगन."

मामानं माह्याकडं पायलं. मी तयार होतो. 'आमी तुह्या वयात', मंग बैल, मंग चप्पल. मले सगळं पाठ होतं, कुठी श्वास घेणार तेबी. मामा म्हणे, "मी काई बोलत नाई. याले माहं बोलनं सगळं येते. तूच बोल, पोरी."

ताई जीपापाशी आली. फटीपाशी उभी राह्यली.

"पेट्रोल टाकलं त्याचं मी काई म्हनत नाई. त्या पंपावरच्या बाबाच्या हातून झालं असतं, आपल्या बाबाच्या हातूनबी झालं असतं. मले दूधवाला नेत होता. बस नेत होती. बाबानं मोटरसायकल पाठवली असती. तीनदा मी चालली होती अन् तीनदा तू मले बसवलं. काहून? लोक हसतीन म्हनून? रोज तर तेच पायजे असते तुले, लोक हसाले. माहे तीन वर्षं होते त्या जीपात, गधड्या. तू त्याईच्यावर केळी विकली."

अन् मंग तिनं मान थोडी वाकडी केली, कानाच्या मांघं दोन बोटांनी खाजवलं, एक भुवई वर घेतली, अन् असा आवाज काढला का वसरीवर मामी दचकली. माहा आवाज. गोड, लाडीगोडीचा, शब्दाच्या शेवटी थोडा वर जाणारा. मी कानामांघं खाजवतो हे मले तवापर्यंत माहीत नव्हतं.

"पाच मिनिटं, ताई. फक्त पाच मिनिटं."

मामी हसली. पोट्टे हसले. मामाबी हसला, डोळे पुसत. हुबेहूब होतं, मी तरी काय म्हणू.

ताईनं दाराच्या कडीवर हात ठेवला, मंग काढून घेतला. "आता तू बस," ती म्हणे, अन् घरात गेली. "पाच मिनिटं."